‘गंभीर’ म्हणजे नेमकं किती वाईट?

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यानं पाणी पाहिलं. सिंदफणा, सीना, मांजरा, सगळ्या नद्यांनी पात्र सोडलं. आष्टी तालुक्यात माणसं पुरात अडकली. सोयाबीन, कापूस, तूर तर गेलंच, पण कित्येक शिवारातली मातीसुद्धा वाहून गेली. ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही मागणी गावोगाव उठली. सरकारकडून उत्तर आलं की ओला दुष्काळ असा शब्द नियमावलीत नाही, पण दुष्काळात मिळतात त्या सवलती देऊ. ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या पॅकेजमधलं किती हातात पडलं, तो हिशेब प्रत्येकानं आपापल्या पासबुकात बघावा. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

आज मला त्या उत्तरातल्या पहिल्या अर्ध्या वाक्यावर लिहायचं आहे. ‘असा शब्द नाही.’ बऱ्याच जणांना हे ऐकून राग आला. माणूस पाण्यात उभा आहे आणि हे शब्दकोश उघडून बसलेत! राग बरोबरच आहे. पण मी वीस वर्षं तहसील, कलेक्टर ऑफिस आणि कृषी खात्याच्या चकरा मारतोय, आणि तिथं मला एक गोष्ट कळली आहे. वाईट परिस्थितीला कोणता शब्द लावायचा, यावर आपल्याकडं दीडशे वर्षं भांडण चालू आहे. शब्द बदलला की पैसा बदलतो. त्यामुळं हे भांडण पंडितांचं नाही, आपलं आहे.

आधी आमच्या धंद्याचं सांगतो. वर्तमानपत्रात वाईटासाठी एकच विशेषण असतं, ‘भीषण’. भीषण अपघात, भीषण आग, भीषण पाणीटंचाई. मांजरसुंब्याच्या घाटात ट्रक उलटला की भीषण, आणि धरण आटलं तरी भीषण. शब्द मुळात लई जबरी आहे. संस्कृतातला ‘भी’ म्हणजे भिणे हा त्याचा धातू, त्यातूनच भीती, भय, भयंकर, भीम, भीष्म हे सगळे आले. ज्याला बघून माणूस भितो ते भीषण. पण रोज छापून छापून त्याची धार गेली. आता वाचक भीषण वाचतो आणि चहाचा घोट घेतो. ‘भयंकर’चं तर त्याहून वाईट झालं. लग्नात जेवण ‘भयंकर छान’ असतं आणि पोरगी ‘भयानक हुशार’ निघते. इंग्रजीतही हेच झालंय. ‘टेरिफिक’ हा शब्द टेररचा भाऊ, आज त्याचा अर्थ फक्कड. ‘ऑफुल’ एके काळी देवापुढं दबकून उभं राहावं असं काहीतरी सांगायचा, आता भाजी बिघडली तरी ऑफुल.

‘निर्घृण’ हा असाच एक शब्द. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली तेव्हा सगळ्या पेपरांनी ‘निर्घृण’ लिहिलं. आपण घृणा म्हणजे किळस समजतो. मग निर्घृण म्हणजे किळस नसलेला? तर नाही. संस्कृतात घृणेचा एक अर्थ दया, करुणा असा आहे. ज्यात दयेचा थेंब नाही ते निर्घृण. तिथं हा शब्द अगदी जागेवर बसला होता. असो, मी भलतीकडं चाललो.

पेपरातल्या विशेषणाला किंमत नसते. भीषण लिहिलं म्हणून कुणाचं वीजबिल माफ होत नाही. सरकारी कागदातल्या विशेषणाला मात्र असते, आणि तिथं भीषण चालत नाही. तिथं चालतो एक इंग्रजी शब्द, ‘सिव्हिअर’. मराठी शासन निर्णयात तो ‘गंभीर’ होऊन येतो.

३१ ऑक्टोबर २०१८ चा शासन निर्णय आठवा. राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. त्यातले ११२ ‘गंभीर’ आणि ३९ ‘मध्यम’. आपल्या जिल्ह्यातले सगळे ११ तालुके यादीत होते. २०२३ ला त्याच तारखेला ४० तालुके निघाले, २४ गंभीर आणि १६ मध्यम. आपल्याकडचे तेव्हा फक्त तीन होते, वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई. बाकीचे आठ तालुके बोंबलत बसले, मोर्चे निघाले, आणि मग राज्यभरातली शेकडो महसूल मंडळं ‘दुष्काळसदृश’ म्हणून मागाहून जोडली गेली. ‘सदृश’ या शब्दाकडं पुढं येतो, तो फार डेंजर शब्द आहे.

गंमत बघा. ‘सिव्हिअर’ हा लॅटिनमधून आलेला शब्द. मुळात तो माणसाच्या स्वभावासाठी होता, कडक, करडा, हसू न येणारा. मागाहून तो थंडीला, दुखण्याला आणि दुष्काळाला लागला. आणि ‘गंभीर’? संस्कृतात गंभीर म्हणजे खोल, आणि तेही प्रामुख्यानं पाण्याच्या बाबतीत. खोल डोह गंभीर असतो. त्यावरून खोल स्वभावाचा माणूस गंभीर, आणि त्यावरून काळजी करण्यासारखी स्थिती गंभीर. म्हणजे ज्या शब्दात मुळात खोल पाणी आहे, तो आपण पाण्याचा टिपूस नसलेल्या तालुक्याला लावतो. शासन निर्णय लिहिणाऱ्याच्या हे डोक्यातही नसणार.

हाच सिव्हिअर अंगणवाडीत गेला की रूप बदलतो. तिथं ‘सॅम’ आणि ‘मॅम’ असतात. सॅममधला पहिला शब्द सिव्हिअर, पण तिथं मराठीत ‘अतितीव्र कुपोषित’ म्हणतात, आणि मॅमला ‘मध्यम तीव्र’. गाणं शिकलेल्या माणसाला ‘तीव्र मध्यम’ हा स्वर माहीत असतो, त्यानं हे ऐकलं तर कानाला हात लावील. पण तिथं निदान एक पट्टी तरी आहे. लेकराच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असला की अतितीव्र, साडेअकरा ते साडेबाराच्या मधे मध्यम. कारखान्यावर आईबापासोबत गेलेली आपल्या ऊसतोड्यांची लेकरं या एका सेंटिमीटरच्या अलीकडं-पलीकडं असतात. फौजदारी कायद्यातही असंच. जुन्या दंड संहितेत ‘जबर दुखापत’ कशाला म्हणायचं याचे आठ प्रकार होते आणि आठव्यात लिहिलं होतं की वीस दिवस तीव्र वेदना व्हाव्यात किंवा नेहमीचं काम करता येऊ नये. नव्या न्याय संहितेत त्याचे पंधरा दिवस झाले. म्हणजे वाईट किती, हे सांगायला कायद्याला शेवटी आकडाच लागतो.

दुष्काळाचा आकडा कसा ठरतो? आधी आणेवारी होती. सोळा आण्याचं पीक म्हणजे पूर्ण पीक, आणि सहा आण्याच्या खाली आलं की सारामाफीचा विचार. १९५७ ला दशमान पैसा आला, आणे गेले, आणेवारीची ‘पैसेवारी’ झाली. पण आपल्याकडचा म्हातारा शेतकरी अजून आणेवारीच म्हणतो. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई. सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरात अंतिम. ही पद्धत फार थोर होती असं माझं म्हणणं नाही. तलाठी कुठल्या बांधावर उभा राहिला, कुणाच्या ओट्यावर बसून आकडा भरला, हे गावाला माहीत असायचं. पण माहीत असायचं म्हणूनच भांडताही यायचं.

मग ११ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, स्वराज अभियानच्या याचिकेवर. दुष्काळ असूनही काही राज्यं तो जाहीर करायला का-कू करतात, यावर न्यायालयानं ताशेरे ओढले आणि केंद्राला दुष्काळाची नियमावली सुधारायला सांगितलं. हेतू चांगला होता. त्यातून डिसेंबर २०१६ ची नवी संहिता आली, आणि महाराष्ट्रानं ती पुढच्या वर्षी स्वीकारली. आता आधी पाऊस बघायचा, किती पडला आणि मधे किती खंड पडला. मग चार कप्पे. उपग्रहावरून पिकाचा हिरवेपणा, जमिनीतला ओल, पेरणीचं क्षेत्र, आणि धरण-भूजल-ओढ्यांचं पाणी. यातले किती कप्पे किती वाईट दिसतात त्यावरून मध्यम की गंभीर ते ठरतं. शेवटी तालुक्यातली १० टक्के गावं निवडून पिकाची प्रत्यक्ष पाहणी. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर गेलं तर मध्यम, ५० च्या वर गेलं तर गंभीर.

आणि खरी मेख इथं आहे. केंद्राच्या आपत्ती निधीतून मदत मागायची तर तालुका ‘गंभीर’ असावा लागतो. ‘मध्यम’ निघाला तर राज्यानं आपल्या खिशातून भागवायचं. एका विशेषणावर दिल्लीचं दार उघडतं किंवा बंद होतं. ४८ टक्के नुकसान झालेल्या माणसाच्या घरात आणि ५२ टक्केवाल्याच्या घरात त्या दिवाळीला काय फरक असतो, हे मला कुणी समजावून सांगावं.

आता जरा मागं जाऊ. दुष्काळ हा शब्दच फोडून बघा. दुः अधिक काल, वाईट काळ. उलट शब्द सुकाळ. म्हणजे आपल्या शब्दात पावसाचा उल्लेखच नाही! पाऊस न पडणं म्हणजे अवर्षण. दुष्काळ म्हणजे माणसाची दैना, ती कशानंही होवो. या हिशेबानं ‘ओला दुष्काळ’ हा शब्द मराठी म्हणून शंभर टक्के बरोबर आहे. लोकांनी तो उगाच बनवलेला नाही. नियमावलीत तो नाही, कारण नियमावली इंग्रजीत विचार करते आणि इंग्रजीत ‘ड्राउट’ म्हणजे कोरडंच.

इंग्रजीत दोन शब्द आहेत. पाणी नाही तो ड्राउट, माणसं उपाशी मरतात तो फॅमिन. आपण दोन्हीला दुष्काळच म्हणतो. इंग्रज सरकारला फॅमिन शब्दाची भीती बसली ती १८७६-७८ नंतर. दख्खनेत लाखो माणसं मेली. १८८० ला फॅमिन कमिशनचा अहवाल आला, १८८३ ला फॅमिन कोडचा मसुदा. त्यात पायऱ्या होत्या, आधी टंचाई, मग फॅमिन. फॅमिन एकदा जाहीर केलं की सरकारवर कामं काढायची, मजुरी द्यायची, अपंगांना खायला घालायची जबाबदारी यायची. म्हणून अधिकारी तो शब्द उच्चारायला शेवटपर्यंत टाळाटाळ करायचे.

आपण तेव्हा निजामाच्या मुलखात. आपल्याकडं १८९९-१९०० चा दुष्काळ फार वाईट झाला. १८९१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या साधारण ६ लाख ४२ हजार होती. १९०१ ला ती ४ लाख ९२ हजारांवर आली. दीड लाख माणूस कमी. काही मेले, काही परागंदा झाले. या आकड्याला कोणतं विशेषण लावणार? मला तरी सुचत नाही.

पुढची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, म्हणून नीट सांगतो. १९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या सगळ्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ ही संज्ञा काढून टाकण्याचा कायदा. होय, शब्द काढून टाकण्यासाठी स्वतंत्र अधिनियम. त्यामागचं म्हणणं असं की सरकार शेतीच्या परिस्थितीवर सतत लक्ष ठेवून असतं, टंचाईची चिन्हं दिसली की लगेच उपाय होतात, त्यामुळं फॅमिनपर्यंत गोष्ट जायला आता वावच नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी यावर लिहिलंय. कलेक्टर ऑफिसात आजही ‘टंचाई आराखडा’ असतो, ‘टंचाई शाखा’ असते. त्या पाटीची वंशावळ ही अशी आहे.

बिचारा १९६३ चा कायदा! नऊ वर्षांनी बहात्तर आलं.

बहात्तरचं मी काय सांगू, तुमच्या घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाच विचारा. सलग दोन-तीन वर्षं पाऊस नव्हता. अमेरिकेतून आलेली लाल मिलो रेशनवर मिळायची, एरवी जनावरालाही कुणी घातली नसती. कामावर सुकडी वाटायचे. बायाबापडे खडी फोडायचे, रस्त्यांवर, नाल्यांवर, पाझर तलावांवर. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती. जनावरं गेली, गावं मुंबई-पुण्याला गेली. पण १८९९ सारखी माणसं पटापटा मेली नाहीत. ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी जगाला उदाहरण म्हणून हा दुष्काळ अभ्यासला, तो यासाठी. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना आधीपासून होती, बहात्तरनं ती राज्यभर नेली, १९७७ ला तिचा कायदा झाला. म्हणजे १९६३ वाल्यांचं म्हणणं अगदीच खोटं ठरलं असंही नाही. पण ते खरं ठरलं ते शब्द खोडल्यामुळं नाही, ५० लाख माणसांना काम दिल्यामुळं.

आता ‘सदृश’. ऑक्टोबर २०१५ मध्ये सरकारनं १४,७०८ गावांमध्ये ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर केली. मराठवाडा जवळपास सगळा त्यात होता. सदृश म्हणजे सारखी दिसणारी. नवरदेवासारखा दिसणारा माणूस म्हणजे नवरदेव नव्हे, तसं. त्या वर्षी धनेगावचं मांजरा धरण कोरडं ठाक होतं. ते आपल्या केज तालुक्यात आहे आणि लातूर त्यावरच पाणी पितं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, देशभरच्या चॅनलवाल्यांनी ते दाखवलं. आपल्याकडं छावण्यांमध्ये माणसं जनावरांसोबत राहत होती. मी तेव्हा आष्टी-पाटोद्याकडच्या छावण्यांमध्ये फिरत होतो. एका म्हाताऱ्या बाईंना सांगितलं की सरकार म्हणतं दुष्काळसदृश आहे. त्यांनी विचारलं, ‘म्हंजी आजून यायचाय का?’

मुंबई उच्च न्यायालयात याचिका चालू होती. मे २०१६ मध्ये सरकारनं न्यायालयाला सांगितलं की आधीच्या निर्णयांत जिथं जिथं ‘दुष्काळसदृश’ असेल तिथं तिथं ‘दुष्काळ’ असं वाचावं. २९ हजारांहून जास्त गावं एका शुद्धिपत्रकानं दुष्काळी झाली. पाऊस तोच होता, विहिरी त्याच होत्या. फक्त तीन अक्षरं गेली.

आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला हवामान खात्यानं काय केलं होतं माहितीये? ‘दुष्काळ’ हा शब्दच आपल्या वापरातून काढला. देशभरातल्या कमी पावसाच्या वर्षाला ‘दुष्काळी वर्ष’ न म्हणता ‘तुटीचं वर्ष’ म्हणायचं. आणि ‘सिव्हिअर’ दुष्काळी वर्षाला ‘मोठ्या तुटीचं वर्ष’. त्यांचं म्हणणं असं की दुष्काळ ठरवणं राज्यांचं काम, आमचं काम पाऊस मोजणं. तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य आहे. पण तूट म्हणलं की बजेट आठवतं, बैल आठवत नाही.

दुष्काळ जाहीर झाला की काय मिळतं तेही लिहितो, कारण दर वेळी लोक विचारतात. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ, रोहयोच्या निकषात शिथिलता, गरज तिथं टँकर, आणि शेतीपंपाचं कनेक्शन न तोडणं. या आठ सवलती. यातली बापाला वर्गातल्या मास्तरांपुढं लगेच उपयोगी पडते ती फीमाफी, आणि तीच मागायला सगळ्यात कमी लोक जातात. पोरांनो, कॉलेजात जाऊन विचारा. ‘जीआर आला नाही’ म्हणाले तर लेखी मागा.

एक गोष्ट मात्र मला कायम खटकते. सरकारचे शब्द दर दहा वर्षांनी बदलतात. फॅमिन, टंचाई, टंचाईसदृश, दुष्काळसदृश, मध्यम, गंभीर, तूट. लोकांचे बदलत नाहीत. लोक विशेषण लावतच नाहीत मुळी. ते नाव ठेवतात. चौदाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेला तो दुर्गादेवीचा दुष्काळ, सहाशे वर्षांनीही नाव टिकून आहे. आपल्याकडं ‘बहात्तर’ म्हणलं की पुढं दुष्काळ म्हणायची गरज पडत नाही. ‘बहात्तरला मी पाळण्यात होतो’ असं म्हणून माणूस वय सांगतो. शाळेच्या दाखल्यावरच्या तारखेपेक्षा ते जास्त खरं असतं.

तर ज्यांच्या घरात बहात्तरला कामावर गेलेलं माणूस आज हयात आहे, त्यांनी एवढं करा. त्यांना विचारा की कोणत्या कामावर होते, तलाव की रस्ता, मजुरी किती, मुकादम कोण, सुकडी मिळायची का. आणि खाली लिहा, गावाच्या नावासकट. तालुकावार यादी करतोय. पाटोदा आणि शिरूर कासारची थोडी जमलीय, धारूर-वडवणीचं अजून काहीच नाही.